नोकरी सोडण्याचं कारण

बसवनगुडी, बेंगळूरु
१२ जून २०२५

ती. वेणुअण्णा यांस,
क्षमाचा सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही केलेला फोन वरच्या मजल्यावरच्या सुप्रीताने घेतला आणि तुम्ही काय म्हणालात ते मला कागदावर लिहून दाखवलं. वहिनींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. बोललेलं अक्षरांत उतरवायची सोय माझ्या मोबाईलमध्ये आहे, पण ती आपल्या घरच्या बोलण्यापुढे हात टेकते. मागच्या वेळी बोलणं पुरे करताना तुम्ही ‘साकू आता, ठेवतो’ म्हणाला असणार. माझ्यापुढे ‘चाकू आता ठेवतो’ असं उमटलं. मी दोन मिनिटं घाबरून बसले होते. तुमच्या बटणांच्या फोनवर मेसेज पाठवावा तर तुम्ही तो जन्मात उघडणार नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं.

कामाचं असं. ऑक्टोबरात माझी यशवंतपूरची नोकरी संपली ते तुम्हाला ठाऊक आहेच. जानेवारीत मी पीएफ काढला. चार लाख शहाऐंशी हजार झाले होते, त्यातले दहा टक्के कर म्हणून आधीच कापून हातात दिले. आता आयकराच्या साइटवर ती सगळी रक्कम माझ्या नावावर उत्पन्न म्हणून दिसते आहे. ती रिटर्नमध्ये कुठे लिहायची? आप्पांच्या आजारपणात इतकी वर्षं घरात गेली की अडतिसाव्या वर्षी मला पहिली नोकरी लागली, आणि ती साडेचार वर्षंही टिकली नाही. या गोष्टी शिकायला वेळच मिळाला नाही.

तुम्ही बेंगळूरात ऑडिटरच्या ऑफिसात छत्तीस वर्षं लोकांचे रिटर्न भरलेत. चुलत बहिणीचा एक भरायला हरकत नसावी. फी म्हणून गांधीबाजारातली कॉफीपूड पाठवीन.

कानांचं विचारलंत. आहे तसंच आहे. यंत्रं घेतली, पण त्यांतून आवाज येतो, शब्द येत नाहीत. माणूस बोलतो आहे एवढं कळतं.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेवता तशीच ठेवा.

तुमची,
क्षमा


धारवाड
२० जून २०२५

चि. क्षमा हीस,
वेणुगोपालचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चाकूचा किस्सा तुझ्या वहिनीला वाचून दाखवला, तर ती म्हणाली की यंत्राने तुमचा स्वभाव बरोबर ओळखला. असो.

आता नीट वाच. पीएफ पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, म्हणून त्यांनी दहा टक्के कापले. पण कायद्यात एक अपवाद आहे. माणसाची नोकरी आजारपणामुळे सुटली असेल, म्हणजे शरीराने साथ सोडली म्हणून, तर पाच वर्षांची अट लागत नाही. मग ही सगळी रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवायची आणि कापलेला कर परत मागायचा. ग्रॅच्युइटीचंही तसंच. पाच वर्षं झाली नसली तरी अपंगत्वाने काम सुटलेल्याला ती मिळते. तू फोनवर लोकांच्या अडचणी ऐकायचं काम करत होतीस आणि तुझे कान गेले. याहून सरळ प्रकरण माझ्या छत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर आलं नव्हतं.

मला तीन कागद पाठव: कानाच्या डॉक्टरांचा दाखला, तपासणीचे आलेख, आणि कंपनीने नोकरी संपल्याचं दिलेलं पत्र. रिटर्नला कागद जोडावे लागत नाहीत, पण उद्या खात्याने विचारलं तर आपल्या हातात हवेत. सरकारी इस्पितळातून अपंगत्वाचं प्रमाणपत्रही काढून घे. यंदा मुदत सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे, तेव्हा घाई नको, पण आळसही नको. तुझा आळस मला लहानपणापासून माहीत आहे.

अपंगत्व हा शब्द तुला टोचेल. मी तो मुद्दाम दोनदा लिहिला.

कॉफीपूड पाठव, चिकोरी स्वल्पच घालायला सांग. आमचं दोघांचं प्रेम तुझ्याकडे पोचतं आहे असं समज.

तुझा,
वेणुअण्णा


बसवनगुडी
१ जुलै २०२५

ती. अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

सोबत कागद आहेत. डॉक्टरांचा दाखला आणि आलेख मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरातले, म्हणजे नोकरी संपल्यानंतरचे आहेत. आधी मी कुठे दाखवलं नव्हतं. कंपनीच्या पत्रात मी ‘घरगुती कारणांमुळे’ राजीनामा दिल्याचं लिहिलं आहे. तेव्हा तुम्ही म्हणता ती सवलत मला लागू होत नसावी.

मला वाटतं कर भरून मोकळं व्हावं. पैसे गेले तर गेले. हातात आहे त्यात माझं भागतं, शिवाय एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचं काम मिळालं आहे. ते शांतपणे करायचं काम आहे, आणि शांततेची मला कमतरता नाही.

सर्टिफिकेटसाठी इस्पितळात जायला सध्या वेळ नाही. कॉफीपूड वेगळी पाठवली आहे.

वहिनींना नमस्कार. राग मानू नका.

क्षमा


धारवाड
९ जुलै २०२५

चि. क्षमा हीस,
अनेक आशीर्वाद.

राग मानू नका असं तू लिहितेस! राग तुझ्यावर नाही, पण आला आहे खरा. ते पत्र मी तीनदा वाचलं. घरगुती कारणं? तुझ्या घरात तू एकटी. आप्पा जाऊन पाच वर्षं झाली. कोणती घरगुती कारणं?

मी हा प्रकार पुष्कळ पाहिला आहे. माणूस आजारी पडला की कंपनी त्याला गोड बोलून राजीनामा लिहायला लावते. आजार म्हटलं की ग्रॅच्युइटी आली, जबाबदारी आली. घरगुती म्हटलं की हात झटकता येतात. तुझ्या त्या वरिष्ठांनी, गिरीराज का कोण त्यांनी, तुझ्यापुढे कागद सरकवला असेल आणि तू भिडस्तपणे सही केली असशील. तू लहानपणीही दुसऱ्याने फोडलेल्या कपाचा मार खायचीस.

तू आता काही करू नकोस. मी काल कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर पत्र धाडलं आहे. माझ्या बहिणीची श्रवणशक्ती कामावर असताना गेली, तिच्यावर दबाव आणून खोटं कारण लिहून घेतलं, याची चौकशी व्हावी आणि नोंद दुरुस्त करावी, असं स्वच्छ लिहिलं आहे. गिरीराज यांचं नाव घातलं आहे. खाली माझा फोन नंबर दिला आहे.

बऱ्याच दिवसांनी कामाचं पत्र लिहिलं. अक्षर अजून बरं येतं.

काळजी करू नकोस. तुझ्यापाठी आम्ही आहोत, हे विसरत जाऊ नकोस.

वेणुअण्णा


धारवाड
२ ऑगस्ट २०२५

चि. क्षमावन्संना,
आसावरीचे आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा अक्षराला हसू नका. तुम्ही महिनाभर काही लिहिलं नाहीत. अण्णा रोज फाटकाशी जाऊन पोस्टमनची वाट बघतात आणि मी औषधाची वाट बघतोय असं सांगतात.

परवा ते मंडईत गेले असताना फोन वाजला. तुमचे गिरीराज होते. कानडी माणूस, पण माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करत होते. तुमच्याकडूनच शिकले म्हणाले. अण्णांचं पत्र पोचल्यापासून कंपनीने त्यांना घरी बसवलं आहे, चौकशी चालू आहे. आधी मला वाटलं, धमकी द्यायला फोन केला असेल. पण ते म्हणाले की क्षमा मॅडमनी दबाव आला असं सांगितलं असेल तर ते मी खोडून काढणार नाही. मी दबाव आणला असं कबूल केल्याने त्यांच्या कागदावरचं कारण बदलणार असेल तर तसं लिहून देतो, फक्त त्यांची तशी इच्छा आहे ना, तेवढं विचारून सांगा. मग तुमची तब्येत विचारली, आणि तुम्ही कोणाशी बोलता का, हेही.

वन्सं, मी शाळा पुरी केली नाही, मला कायदा कळत नाही. पण जबरदस्तीने सही घेणारा माणूस असा बोलत नाही, एवढं कळतं. खोट्या गोष्टीसाठी शिक्षा भोगायला तयार असलेला माणूस तुम्हाला काय देणं लागतो, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.

हा फोन आला ते मी अण्णांना अजून सांगितलं नाही. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच काही लपवते आहे आणि जेवण गोड लागत नाही. तुम्हीच सांगा त्यांना. लवकर सांगा.

जपून असा. माझा जीव तुमच्यात गुंतलेला आहे.

तुमची वहिनी


बसवनगुडी
८ ऑगस्ट २०२५

ती. अण्णा यांस,
क्षमाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

गिरीराज यांनी माझ्यापुढे कोणताही कागद सरकवला नाही. ‘घरगुती कारणांमुळे’ हे शब्द माझे आहेत. तुमचं जुलैचं पत्र आलं तेव्हाच हे कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. तुम्ही समजलात ते सोपं होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. त्यापायी एका सरळ माणसाला घरी बसवलं आहे. त्यांनी फोन केला होता, वहिनींनी घेतला. त्यांना रागवू नका.

कान गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून जात होते. आधी डावा, मग दोन्ही. मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या हाताखाली मराठीत फोन घेणारे अठराजण होते आणि नीट ऐकावं कसं हे त्यांना मी शिकवत होते, अण्णा! स्वतः फोन घ्यायची वेळ क्वचित यायची. आली तर आवाज पूर्ण वाढवायचा, अंदाज बांधायचा, पडद्यावरची माहिती वाचून बोलायचं. माणसं साधारण तेच तेच विचारतात. सात महिने निभावलं.

सप्टेंबरात, गणपतीच्या सुट्टीत माणसं कमी होती म्हणून मी फोनवर बसले. मिरजेकडून एका निवृत्त शिपायांचा फोन आला. बायकोचं ऑपरेशन करायचं होतं. त्यांनी इस्पितळाचं नाव सांगून विचारलं की आपला विमा तिथे चालतो का. मला नाव अर्धं ऐकू आलं. त्यासारख्या नावाचं दुसरं इस्पितळ आमच्या यादीत होतं. पुन्हा विचारावं असं मनात आलं. पण त्याआधी दोनदा ‘काय म्हणालात’ असं विचारून झालं होतं, आणि पलीकडच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं की हो काका, चालतो, निर्धास्त जा.

तो चालत नव्हता. ऑपरेशन नीट झालं, पण पावणेतीन लाखांचं बिल त्यांच्यावर आलं. म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव त्यांनी मोडली. तक्रार आली तेव्हा बैठकीत ते रेकॉर्ड झालेलं बोलणं सगळ्यांना ऐकवलं. सगळे ऐकत होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मग लिहून काढलेला कागद हातात आला. त्या माणसाने नाव तीन वेळा सांगितलं होतं, सावकाश. शेवटच्या वेळी गावाच्या नावासकट. आणि खाली माझं वाक्य होतं.

गिरीराज मला बाहेर घेऊन गेले. त्यांनी वहीत लिहून विचारलं, कानांचा त्रास आहे का. त्यांना बऱ्याच दिवसांपासून संशय होता. आजारपणाची नोंद करू, बसून लिहायचं दुसरं काम देऊ, असं त्यांनी लिहिलं. मी म्हटलं की कान ठीक आहेत, लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्यांनी कारण बदलायला दोनदा परत पाठवला. मी दोनदा तेच लिहिलं. नंतर त्यांचे नंबरही बंद करून टाकले.

तुम्ही म्हणता आजारपणामुळे नोकरी सुटली असं दाखव, सवलत घे. अण्णा, माझी नोकरी आजाराने नाही सुटली. मी ऐकू येतं असं भासवलं, म्हणून सुटली. त्या म्हाताऱ्या माणसाची ठेव मोडली आणि मी सरकारकडे माझे पैसे परत मागू? माझा हात धजत नाही.

गिरीराज यांच्याबद्दल खरं काय ते मी आज कंपनीला लिहून पाठवलं आहे. त्याची नक्कल सोबत आहे.

इतकं वाचून तुमच्या मनात माझ्यासाठी काही उरलं असेल, तर तेवढंही पुष्कळ आहे.

क्षमा


धारवाड
१६ ऑगस्ट २०२५

चि. क्षमा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीबद्दल तू इथे असतीस तर एक चापट खाल्ली असतीस. आता कामाचं.

पहिली चूक माझी. छत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की वाचल्याशिवाय सही करू नका, विचारल्याशिवाय आकडा भरू नका. आणि तुला एका शब्दाने न विचारता एका माणसाचं नाव रजिस्टर पत्रात घातलं. काल मी गिरीराज यांना फोन करून क्षमा मागितली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील. मी माफी मागत होतो आणि तेच अवघडून सरी, सरी, असू द्या म्हणत होते. कंपनीलाही मी आरोप मागे घेतल्याचं लिहिलं आहे. तुझं पत्र त्यांना आधीच पोचलं होतं. सोमवारपासून ते कामावर जात आहेत.

त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती तुला ठाऊक असायला हवी होती. मिरजेच्या त्या गृहस्थांचं बिल कंपनीने फेब्रुवारीत भरून दिलं. वरचे लोक तयार नव्हते. आपल्या माणसाने हो म्हटलं आहे, आवाज आपला आहे, मग पैसे त्यांचे का जावेत, असं म्हणून गिरीराज पाच महिने भांडले. तुला कळवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तू दारं लावून घेतली होतीस.

म्हणून तुझी चूक पुसली गेली असं मी म्हणणार नाही. त्या दोघा म्हाताऱ्यांनी पाच महिने काय काढले असतील ते तेच जाणोत. तुला वाईट वाटतं ते योग्यच आहे. वाटू दे.

पण रिटर्न ही वेगळी वस्तू आहे. खालची सही म्हणते की वर लिहिलेलं खरं आहे. तू चांगली की वाईट, ते आयकर खातं विचारत नाही. नोकरी का सुटली, एवढंच विचारतं. आता तूच सांग. तुझे कान शाबूत असते तर तू ते नाव चुकली असतीस का? राजीनामा दिला असतास का? मग घरगुती कारण हे खोटं आहे, आणि त्या खोट्याच्या जोरावर कर भरणं म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. ते आणखी एक भासवणं झालं. आधी कामावर ऐकू येतं असं भासवलंस, आता सरकारी कागदावर भासवणार आहेस.

पैसे परत आले की तुला त्यांचं जे करायचं ते कर, मी विचारणार नाही. पण आधी खरं लिही.

वहिनीला रागावलो नाही. फाटकाशी उभं राहायचं खरं कारण तिने तुला कळवलं, त्याबद्दल स्वल्प रागावलो.

आमच्याकडे तुझी जागा होती तिथेच आहे.

वेणुअण्णा


बसवनगुडी
१६ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा आणि ती. वहिनी यांस,
क्षमाचा सा. न. वि. वि.

रिटर्न भरला त्याची पोच मी सप्टेंबरातच पाठवली होती. कळवायला आनंद वाटतो की कापलेला कर काल बँकेत परत आला. करमुक्त रकान्यात ती रक्कम लिहिताना हात थांबला होता, पण लिहिली. कंपनीने नोंद बदलून वैद्यकीय कारण असं पत्र दिलं आहे. ग्रॅच्युइटीचा अर्जही घेतला आहे.

सरकारी इस्पितळात सुप्रीता सोबत आली होती. तीन तास रांगेत होतो. माझं नाव पुकारलं ते मला कसं कळणार? सुप्रीता चहा आणायला गेली होती. शेजारच्या बाकावरचा एक आंधळा मुलगा सगळ्यांची नावं ऐकून लक्षात ठेवत होता. कोणी उठत नाही हे त्याला जाणवलं तेव्हा इथे कानाला यंत्र लावलेलं कोणी आहे का, असं आजूबाजूच्यांना विचारत विचारत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आत गेले. प्रमाणपत्र मिळालं. त्यावरचा शब्द तुम्ही मुद्दाम दोनदा लिहिला होतात, म्हणून तिसऱ्यांदा वाचताना कमी टोचला.

मिरजेला पत्र पाठवलं. काही लपवलं नाही. उत्तर आलं नाही. कदाचित येणारही नाही, आणि त्यांनी ते द्यावं असा माझा हक्क नाही.

नोंदीचं पत्र घ्यायला यशवंतपूरला गेले तेव्हा गिरीराज भेटले. मी माफीचं सगळं वाक्य पाठ करून गेले होते, ते त्यांना बघून निम्म्यात संपलं. त्यांनी वहीत लिहिलं की नवीन वीस मुलं भरती झाली आहेत, त्यांच्याशी बोलाल का. मला वाटलं, माझी दया येते आहे. त्यांनी पुढे लिहिलं की तुमचं ते संभाषण त्यांना शिकवायचं आहे, आणि ते तुमच्या परवानगीशिवाय मी वापरणार नाही.

गेल्या सोमवारी मी त्या मुलांपुढे उभी राहिले. माझा आवाज किती मोठा येतो आहे ते मला कळत नाही, म्हणून गिरीराज मागे उभे राहून हाताने खाली-वर करत होते. मी सगळं सांगितलं. कान, सात महिने, मिरज, माझं वाक्य, माझा राजीनामा. ऐकू आलं नाही तर लाज वाटू देऊ नका, पुन्हा विचारा, एवढंच मी शेवटी म्हटलं. म्हणायला सोपं होतं.

मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून काहीतरी विचारलं. तिचे ओठ हलताना दिसले. बाकीचे माझ्याकडे बघत होते. प्रश्न काय असावा याचा अंदाज मला आला होता आणि उत्तरही जिभेवर आलं होतं. अण्णा, मी ते गिळलं. मला ऐकू येत नाही, पुढे येऊन पुन्हा विचार, असं मी तिला म्हटलं. ती दोन रांगा पुढे आली. तरी कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. ती आणखी पुढे आली. तिसऱ्यांदा ती माझ्या अगदी समोर उभी राहिली, सावकाश बोलली, आणि तिच्या ओठांवरून मला शब्द न् शब्द कळला.

माझा अंदाज चुकीचा होता. तिचा प्रश्न वेगळाच होता.

तुम्हा दोघांच्या मायेवरच माझं सगळं चाललं आहे, ती आटू देऊ नका.

तुमची,
क्षमा